लंडनचा जुना बाजार आणि आजीचे लुगडे

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात. 'काय पाहिले?' हा पहिला आणि 'काय आणले?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ऐकायला कोणाला फारसा वेळ नसतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र पिशवी उघडूनच द्यावे लागते.

आम्ही उभयता २०२४ च्या जून महिन्यात तीन आठवडे लंडनला राहून आलो. आमची भाची तेथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिला मुलगा झाला. ताई आता हयात नाहीत. माहेरचे कोणीतरी जवळ असावे म्हणून तिनेच तिकिटे पाठविली. एरवी नागपूरच्या कारकुनाच्या पगारात लंडन बसत नाही. निघण्याआधी यादी तयार झाली. विहाराच्या महिला मंडळाला चॉकलेट, चिरंजीवांना फुटबॉलची जर्सी, आणि युनियनमधील एका मित्राला परमपूज्य बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाची जुनी प्रत. हा ग्रंथ १९२३ साली लंडनच्याच पी. एस. किंग या प्रकाशकाने छापला. 'छापला तिथे मिळेलच की,' असे मित्राचे म्हणणे. आमच्या सहचारिणीने स्वतःसाठी काहीच लिहिले नाही. 'तिथलेच बनलेले काही दिसले तर बघू,' एवढेच म्हणाली.

पौंड त्या वेळी साधारण १०५ रुपयांचा होता. त्यामुळे पहिले चार दिवस आम्ही कोणतीही किंमत पाहिली की शंभराने गुणायचे, वर थोडे वाढवायचे आणि वस्तू जागेवर ठेवून द्यायची, असाच उद्योग केला. एक कप चहा साडेतीनशे रुपयांचा! पाचव्या दिवशी भाची म्हणाली, 'मामा, असे गुणत बसलात तर उपाशी राहाल.' तेव्हापासून चहाला गुणणे सोडले, बाकी वस्तूंना चालू ठेवले.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. दुकानाच्या पावतीवर आमचे लक्ष मालाआधी जाते. तेथे लेबलावर लिहिलेली किंमत करासकट असते. व्हॅट २० टक्के आहे, पण पुस्तकांवर, लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बहुतेक खाद्यपदार्थांवर तो शून्य. गंमत अशी की साधे बिस्किट करमुक्त आणि त्याच बिस्किटावर चॉकलेटचा थर दिला की २० टक्के. पूर्वी परदेशी पाहुण्यांना विमानतळावर व्हॅट परत मिळत असे. ती सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली आहे. तेव्हा जाणाऱ्यांनी त्या आशेवर महाग वस्तू घेऊ नये. घरून कापडी पिशवी न्यावी. तेथे पिशवीचेही पैसे पडतात. आणि सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी उशिरा जावे. त्या दिवशी संपवायच्या मालावर पिवळी चिठ्ठी लावून किंमत उतरवतात. भाचीच्या घरची पाव-दुधाची खरेदी आम्ही याच वेळेला करीत असू, आणि त्या रांगेत चांगले कपडे घातलेले साहेबलोकही उभे असत.

युनियनच्या मित्राने पुस्तकासाठी २० पौंडांची एक नोट दिली होती. कधीकाळी त्याच्या पाहुण्याने दिलेली, कागदी, मागे ॲडम स्मिथचे चित्र असलेली. ती दुकानदाराने परत केली. कागदी २० आणि ५० च्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या. आता प्लॅस्टिकसारख्या नोटा आहेत. अर्थशास्त्राच्या पहिल्या पेपराला ज्यांचे नाव घोकले ते ॲडम स्मिथ खुद्द लंडनच्या गल्ल्यावर चालेनात! मात्र बँक ऑफ इंग्लंड आपली जुनी नोट कितीही वर्षांनी बदलून देते. थ्रेडनीडल स्ट्रीटवर जाऊन, रांगेत उभे राहून आम्ही ती बदलली. आमच्या कपाटात २०१६ च्या नोटबंदीत राहून गेलेली पाचशेची एक नोट अजून आहे. रांगेत तिची आठवण आली.

पुस्तकाचा शोध वॉटर्लू पुलाखाली सुरू झाला. थेम्सच्या दक्षिण काठावर पुलाच्या सावलीत लांबच लांब टेबले मांडून जुनी पुस्तके विकतात. पाऊस आला तरी पुस्तक भिजत नाही. हाताळा, चाळा, उभ्याने दोन प्रकरणे वाचून परत ठेवा, कोणी हटकत नाही. तोच पूल ओलांडून पलीकडे थोडे चालले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. बाबासाहेब १९१६ साली तेथे दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने पाठविली होती. महायुद्ध चालू होते, ती बोट शत्रूने बुडविली. पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले आणि पुन्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शिरले. हे सर्व आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण त्या टेबलांपाशी उभे राहून एकेक जुने पुस्तक उचलताना, नवे घेण्याची ऐपत नसलेला तो विद्यार्थी आम्हाला चरित्रग्रंथात दिसला नव्हता इतका जवळ दिसला.

'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' पुलाखाली मिळाले नाही, चेरिंग क्रॉस रोडच्या जुन्या दुकानांतही मिळाले नाही. एका म्हाताऱ्या दुकानदाराने नाव कागदावर लिहून घेतले आणि नंतर मान हलविली. मित्रासाठी शेवटी जुने अर्थशास्त्राचे एक पुस्तक ४ पौंडांना घेतले.

पोर्टोबेलो रोडचा शनिवारचा बाजार मात्र सांगून ठेवतो, कारण तेथे आम्ही फसता फसता वाचलो. चांदीचे म्हणून चमच्यांचा एक जोड पुढे आला. किंमत ४० पौंड. मागे इंग्रजीतली चार अक्षरे होती, ई पी एन एस. याचा अर्थ खाली निकेलचा मिश्र धातू आणि वर चांदीचा मुलामा. खऱ्या स्टर्लिंग चांदीवर चालत्या सिंहाचा छोटा ठसा असतो. भाचीच्या नवऱ्याने हे सांगून ठेवले नसते तर आम्ही चांदी म्हणून मुलामा आणला असता. सिंह कुठे आहे, असे विचारताच विक्रेता हसला आणि १० पौंडांवर आला. ८ ला सौदा तुटला. तेथे आपल्या सीताबर्डीसारखी अर्ध्यापासून सुरुवात करायची नसते. 'तुमची शेवटची किंमत काय?' असे सौम्यपणे एकदाच विचारायचे. उत्तर पटले तर घ्यायचे, नाही तर धन्यवाद म्हणून पुढे जायचे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

एके दिवशी सकाळी आम्ही १०, किंग हेन्रीज रोड येथे गेलो. चॉक फार्म स्टेशनवरून पाच-सात मिनिटांचा रस्ता. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले ते हे घर. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. स्थानिक नियमांवरून वाद झाला, पण २०२० मध्ये स्मारक म्हणून परवानगी मिळाली. दारावर निळी गोल पाटी आहे. वंदन केले, दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. रात्री पापडाचे तुकडे भाजून भूक मारणारा माणूस या भिंतींच्या आत वाचीत बसत होता.

तेथून कॅम्डेनचा बाजार चालत पंधरा मिनिटांवर आहे. कॅम्डेन म्हणजे तरुण मुलांची जत्रा. त्याविषयी लिहिण्यासारखे आमच्याकडे काही नाही. पण हाय स्ट्रीटवर ओळीने धर्मादाय दुकाने आहेत, त्यांना चॅरिटी शॉप म्हणतात. लोक घरातले वापरलेले कपडे, भांडी, पुस्तके आणून देतात; ती निवडून, स्वच्छ करून विकली जातात; पैसा हृदयरोग, कर्करोग, दुष्काळ अशा कामांकडे जातो. ऑक्सफॅम या संस्थेने १९४० च्या दशकात ऑक्सफर्डला असे दुकान काढले, आज गावोगावी आहेत. गल्ल्यावर बहुधा बिनपगारी स्वयंसेवक असतात. दिलेला माल विकताना व्हॅट शून्य. शिवाय देणारा आयकर भरत असेल आणि त्याने तसा फॉर्म दिला असेल, तर आलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेन्स देते. हा हिशेब आम्हाला फार आवडला.

त्या दुकानात आम्हाला एक कोट दिसला. हॅरिस ट्वीडचा, तपकिरी, आत गोल आणि क्रूसाची खूण असलेले कापडी लेबल. ही खूण म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर, विणकराने स्वतःच्या घरी, हातापायाने चालणाऱ्या मागावर विणलेले लोकरीचे कापड. १९९३ साली त्यासाठी खास कायदा झाला आहे. कारखान्यात विणले तर ते नाव लावता येत नाही. नव्या कोटाला दोन-अडीचशे पौंड पडतात. येथे २२ पौंडांची चिठ्ठी होती. आमचे पणजोबा भंडाऱ्याकडे मागावर जाडेभरडे कापड विणीत. विदर्भात आपल्या समाजातील कितीतरी घरे विणकामावर जगत होती, मग गिरण्या आल्या आणि माग बसले. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेतच नसत, धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून. असे असता विणकराच्या घरातील माग जपणारा कायदा पाहून त्या कोटावर आमचा जीव जडला, यात नवल नाही.

शेजारीच बायकांचा एक लांब लोकरी कोट होता, जांभळा. १५ पौंड. आम्ही तो हिच्या खांद्याला लावून पाहिला. ती दोन पावले मागे सरली.

'अहो, हे कोणाचे तरी उतरलेले आहे.'

'धुतलेले आहे, स्वच्छ आहे.'

'आजीने नाकारले ते मी लंडनात येऊन पैसे देऊन घेऊ का?'

ही आजी तिची. त्यांच्या गावी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी वाड्यावरून जुनी लुगडी मिळत. हातात नव्हे. ओट्यावरून खाली टाकीत, खालच्यांनी पदर पसरून झेलायची. वर 'बाई, टिकाऊ आहे हो' असेही सांगायचे. १९५६ च्या दीक्षेनंतर आजी गेल्या नाहीत. वाड्यावरून निरोप आला तेव्हा, 'आता आमचे आम्ही घेऊ,' असे सांगून पाठविले. त्या वर्षी घरात दोन बायकांत एकच धड लुगडे होते. एक बाहेर गेली की दुसरी घरात बसे. हे हिने आजीच्याच तोंडून ऐकले आहे. गावगाड्यात प्रेतावरचे कापडही आपल्या वाट्याचा 'हक्क' म्हणून होते, आणि मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर चांडाळाने मेलेल्यांचीच वस्त्रे नेसावीत असा नियमच घालून दिला आहे. ज्या घराने हे भोगले आणि मग फेकले, त्या घरच्या लेकीला धुतलेले आहे म्हणून सांगणारे आम्ही कोण?

तरीही आमचा मुद्दा आम्ही मांडला, आणि आजही तो आम्हाला पटतो. कापड जुने असते म्हणून ते उतरण होत नाही. देणारा ओट्यावर आणि घेणारा खाली असतो म्हणून होते. येथे देणारा कोण, घेणारा कोण, एकमेकांना माहीत नाही. चिठ्ठीवर किंमत आहे, हातात पावती आहे. आमच्या पुढे उभी असलेली इंग्रज बाई स्वतःच एक पिशवीभर कपडे देऊन, दुसरा सदरा विकत घेऊन गेली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माताभगिनींना नेसणे नीटनेटके ठेवा, आपल्या जातीची खूण सांगणारे दागिने टाका असे सांगितले. त्यांचा भर वस्त्राच्या नवेपणावर नव्हता, स्वच्छतेवर होता. आणि स्वतः त्यांनी जुनी पुस्तके घेतलीच की!

ही म्हणाली, 'पुस्तक अंगाला लागत नाही.'

आम्ही आमचा कोट घेतला. गल्ल्यावरच्या वृद्ध बाईंनी पैसे हातातून घेतले, सुटे आमच्या तळहातावर मोजून ठेवले. आमच्या गावच्या किराणा दुकानात आम्ही आठ-नऊ वर्षांचे असेपर्यंत सुटे फळीवर ठेवीत, हातात देत नसत. तो कोपरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्या बाईंना यातले काय ठाऊक? त्यांनी कोटाच्या बाह्या नीट घडी केल्या आणि रंग आम्हाला शोभेल असे सांगितले.

रविवारी पेटिकोट लेन. नावाने हसू येते. नकाशावर रस्त्याचे नाव मिडलसेक्स स्ट्रीट. नवे कपडे स्वस्तात घ्यायचे तर हा बाजार. येथे घासाघीस चालते, आणि विक्रेते पुष्कळ बांगलादेशी असल्याने हिंदीतही चालते. चिरंजीवांची जर्सी येथेच ९ पौंडांना मिळाली. खरी की नकली ते विचारले नाही. हिने स्वतःसाठी एक नवी लोकरी शाल घेतली, ७ पौंडांची, घासाघीस स्वतः करून. घरी येऊन लेबल पाहिले तर माल लुधियानाचा! ती इतकी हसली की बाळ जागे झाले.

जवळच ब्रिक लेन आहे. तेथे १७४३ साली बांधलेली एक इमारत आहे. आधी फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या ख्रिस्ती विणकरांचे प्रार्थनाघर, पुढे ज्यूंचे सिनेगॉग, आणि १९७६ पासून मशीद. तिन्ही मंडळींनी याच वस्तीत कापडावर पोट भरले. १९७८ साली अल्ताब अली नावाच्या तरुण बांगलादेशी कपडे-कामगाराचा वर्णद्वेषातून रस्त्यात खून झाला. त्याच्या नावाची बाग आहे. तेथे बाकावर बसून आम्ही घरून नेलेली पोळी-भाजी खाल्ली. तळहातावर सुटे ठेवणारे लंडन आणि हे लंडन एकच आहे, हेही लिहिले पाहिजे.

निघण्याच्या दोन दिवस आधी भाची आम्हाला बेथनल ग्रीनला घेऊन गेली. जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत १९७८ पासून लंडन बुद्धिस्ट सेंटर आहे. भदन्त संघरक्षितांनी स्थापन केलेल्या संघाचे हे केंद्र. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची वार्ता आली तेव्हा ते आपल्या नागपुरातच होते आणि त्यांनी शोकाकुल जनतेला वस्त्यावस्त्यांतून धीर दिला, हे जुने लोक अजून सांगतात. त्या केंद्राच्या शेजारीही जुन्या कपड्यांचे एक दुकान होते, बौद्ध मंडळींनी चालविलेले. काउंटरवरच्या गोऱ्या गृहस्थांना आम्ही नागपूरचे म्हटल्याबरोबर त्यांनी हात जोडून 'जय भीम' म्हटले. आम्हाला क्षणभर उत्तरच सुचेना.

परतताना बसमध्ये आम्ही पुन्हा विषय काढला. भिक्खूंचे पहिले चीवर पांसुकूल होते, म्हणजे उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या टाकलेल्या चिंध्या धुऊन, शिवून, रंगवून केलेले. राजवैद्य जीवकाने विनंती केल्यावर भगवंतांनी गृहस्थांनी दिलेल्या वस्त्राची अनुज्ञा दिली. म्हणजे तेच मृताचे कापड मनूने शिक्षा म्हणून दिले आणि भिक्खूंनी आपण होऊन घेतले. आम्हाला वाटले, आता तरी पटेल.

ही खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, 'भगवंतांनी राजवाडा सोडून चिंध्या घेतल्या. आमच्या आजीकडे सोडायला काय होते? एक तेवढे लुगडे घ्यायचे नाही, एवढेच होते. ते तिने सोडले.'

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. भाची म्हणाली, 'मामी, तुमचेच खरे.' मामाचे खोटे असे मात्र ती म्हणाली नाही.

एक गोष्ट आम्हाला परत आल्यावर अधिक बोचू लागली. त्या दुकानांत जे खपत नाही त्याचे गठ्ठे बांधून परदेशी विकले जातात. विलायती जुन्या लोकरीचे फार मोठे केंद्र आपल्या हरियाणातले पानिपत आहे. तेथे कोट फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून स्वस्त घोंगड्या विणतात. फाडायला आणि बटणे तोडायला बसतात त्या गरीब बायाच. थंडीत कोणी पुढारी फोटो काढून घोंगड्या वाटतो, त्या बहुधा याच. म्हणजे सातासमुद्रापलीकडची उतरण फिरून ओट्यावरूनच खाली येते. लंडनच्या पावतीवर ही नोंद नव्हती.

सामान २३ किलोपेक्षा जास्त भरले म्हणून कोट आम्ही जूनच्या उकाड्यात हातावर घेऊन आलो. नागपूरला तो डिसेंबरपर्यंत कपाटातच होता. बाहेर काढला तेव्हा डाव्या काखेत अस्तर उसवलेले दिसले. शिंप्याकडे नेतो म्हटले तर हिने हातातून घेतला, दिव्याखाली बसून तपकिरी दोरा शोधला आणि बारीक टाके घातले. शिवून झाल्यावर, थंडी आहे, जरा खांद्यावर घेऊन बघ म्हटले. नाही म्हणाली. खुंटीवर टांगला आणि लुधियानाची शाल पांघरून विहारात गेली.